लाकूड फोडायच्या मशीनला हायड्रॉलिक व्हॉल्व्ह कोणता घ्यावा? (स्वतःच बनवतोय, भांडुप)

भांडुपची वखार | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. भांडुप पश्चिमेला आमची लाकडाची वखार आहे, आजोबांच्या वेळेपासूनची. पावसाळ्याआधीची छाटणी आणि पावसात उन्मळून पडलेली झाडं यांचे बुंधे ठेकेदारांकडून येतात. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सुबाभूळ, कधी आंबा. ते फोडून सरपण करायचं.

फोडायचं काम गेली तीस वर्षं एकाच माणसाच्या हातचं आहे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. घण, पाचर आणि कुऱ्हाड. मागच्या वर्षी त्यांचा उजवा खांदा गेला. हात डोक्यावर न्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. मामा घरी बसायला तयार नाहीत आणि मलाही त्यांना असं घरी पाठवायचं नाही. म्हणून हे मशीन. चालवणार तेच.

जमलेलं सामान: दारूखान्यातून (मुंबईतला जहाजांच्या भंगाराचा बाजार) आणलेला जॅक, १०० मिमी बोअर (आतला व्यास), ६०० मिमी स्ट्रोक (रॉडची धाव), डबल ॲक्टिंग, म्हणजे तेलानेच पुढेही जातो आणि मागेही येतो. ११ सीसीचा गेअर पंप. ५ एचपी, थ्री फेज, १४४० आरपीएमची मोटर. ६० लिटरची टाकी. गर्डर आणि पाचर गॅस कटिंग करून वेल्डिंगला दिलेत.

अडलोय व्हॉल्व्हपाशी. माझ्यासमोर चार पर्याय आहेत. एक, जुन्या पॉवर पॅकमधून निघालेला सोलेनॉईड (विजेच्या कॉइलवर चालणारा) व्हॉल्व्ह, माझ्याकडे फुकट पडून आहे. दोन, नागदेवीत (हार्डवेअरचा बाजार) नवा लिव्हर व्हॉल्व्ह, दुकानदार मिनिटाला २५ लिटरचा पुरेल म्हणतो. तीन, ट्रॅक्टर ट्रॉलीचा टिपिंग व्हॉल्व्ह, गावी भावाकडे आहे. चार, जेसीबीचा जुना व्हॉल्व्ह बँक, भंगारात बघितला. तुम्ही कोणता घ्याल आणि का?

नागदेवीचा नेहमीचा | रविवार, रात्री १०.१५

ट्रॉलीचा आधी बाजूला ठेवा. तो सिंगल ॲक्टिंग असतो. तेल ढकलून जॅक वर नेतो, खाली यायला ट्रॉलीचं वजन असतं. तुमचा जॅक आडवा, त्याला मागे कोण ओढणार?

जेसीबीच्या बँकमध्ये सहा-सात स्पूल (आत सरकून तेलाची वाट बदलणाऱ्या दांड्या) असतात, तुम्हाला हवा एक. वजन, गळती आणि पोर्टचा गोंधळ फुकटचा मिळेल.

राहिला नवा लिव्हर व्हॉल्व्ह. एका स्पूलचा मोनोब्लॉक (अखंड बॉडीचा) घ्या, पण दुकानदाराच्या २५ लिटरवर जाऊ नका. एक सांगा, जॅकचा रॉड किती जाडीचा आहे? बोअर लिहिलात, रॉड लिहिला नाहीत, आणि सगळा हिशोब तिथेच आहे.

वसई पॉवरपॅक | रविवार, रात्री १०.५०

मी सोलेनॉईडच्या बाजूने. फुकटचा आहे, दोन पुशबटणं लावा, दोन्ही दाबल्याशिवाय जॅक पुढे जाणार नाही अशी वायरिंग करा. दोन्ही हात बटणांवर म्हणजे बोटं पाचरीजवळ जाणारच नाहीत. आमच्या शेडमध्ये छोट्या प्रेसला असंच आहे. मामांच्या खांद्यालाही बटण दाबणं सोपं.

भांडुपची वखार | सोमवार, सकाळी ७.३०

व्हर्नियर लावून मोजला. रॉड ७० मिमी. बराच जाड आहे, बहुतेक जहाजावरचा असावा. सोलेनॉईडवर ६ नंबर साईज, २३० व्होल्ट एसी कॉइल असं लिहिलंय. जाड रॉड म्हणजे मजबूत असं मी धरून चाललो होतो.

मेंटेनन्सवाली | सोमवार, दुपारी १.२०

मी एका प्रेस शॉपमध्ये हायड्रॉलिक मेंटेनन्स बघते. दादा, मजबूत आहेच, पण हा ७० चा रॉडच तुमचा व्हॉल्व्ह ठरवणार आहे. जरा सावकाश वाचा.

१०० मिमी बोअरचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. ७० मिमी रॉड त्यातली ३८.५ जागा खातो. रॉडच्या बाजूला तेलासाठी उरतात ४०. म्हणजे दोन्ही बाजूंचं प्रमाण १.९६, जवळजवळ दुप्पट.

आता पंप. ११ सीसी गुणिले १४४०, मिनिटाला साधारण १५.८ लिटर. जॅक पुढे जाताना व्हॉल्व्हमधून एवढंच तेल जातं. मागे येताना मात्र पंपाचे १५.८ लिटर रॉडच्या अरुंद बाजूला शिरतात आणि पिस्टनच्या मोठ्या बाजूने तेल बाहेर ढकललं जातं: १५.८ गुणिले १.९६, म्हणजे ३१ लिटर. हे सगळं त्याच व्हॉल्व्हमधून, टाकीकडे परतणाऱ्या त्याच रिटर्न होजमधून (नळीतून), त्याच फिल्टरमधून टाकीत जायचं असतं. दुकानदाराने पंप बघून २५ सांगितलं. जॅक बघितला असता तर सांगितलं नसतं. ४० लिटरचा घ्या.

पोर्ट अर्धा इंची आहे म्हणून व्हॉल्व्ह पुरेल, असंही धरू नका. पोर्ट तेवढाच ठेवून आतला स्पूल लहान असलेले व्हॉल्व्ह बाजारात खूप आहेत.

दुसरी गोष्ट स्पूलच्या मधल्या जागेची. लिव्हर सोडल्यावर तेल कुठे जातं? तुमचा गेअर पंप फिरतोय तोवर तेल ढकलतच राहणार. मधल्या स्थितीत पी पोर्ट (पंपाकडून येणारा) टीला (टाकीकडे जाणारा) उघडा हवा, म्हणजे तेल फुकट फिरून टाकीत जाईल. टँडम सेंटर घ्या: पी ते टी उघडं, जॅकला जाणारे ए आणि बी बंद. जॅक जिथे सोडला तिथेच थांबतो. चारही पोर्ट मध्ये बंद असलेला व्हॉल्व्ह लावलात तर मामा ओंडका उचलत असतील तेवढा वेळ सगळं तेल रिलीफवरून (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) जाईल. १५० बारला १५.८ लिटर म्हणजे जवळजवळ ४ किलोवॅटची उष्णता. घरातले दोन गिझर टाकीत सोडल्यासारखं. तुमच्या ६० लिटर तेलाचं तापमान दहा मिनिटांत वीस-पंचवीस अंशांनी चढेल. मग तेल पातळ, पंप आतून गळका, आणि जोर गेला कुठे म्हणून तुम्ही सील बदलत बसाल. भंगारातला व्हॉल्व्ह घ्यायचा झाला तर मधली स्थिती तपासल्याशिवाय घेऊ नका. तोंडाने हवा फुंकूनही कळतं: लिव्हर मध्ये असताना पीमध्ये फुंकलेली हवा टीमधून बाहेर आली पाहिजे.

सोलेनॉईडबद्दल. ६ नंबरचा व्हॉल्व्ह ३१ लिटर नेईल, पण बऱ्याच टँडम स्पूलमध्ये पी ते टीची वाट अरुंद असते, दाब वाया जातो. त्याहून मोठी अडचण कचऱ्याची. लाकडाचा भुसा, साल, माती. स्पूल आणि बॉडीमधली फट मायक्रॉनमध्ये असते. एक कण अडकला तर एसी कॉइल स्पूल ओढत राहते, पूर्ण ओढला जात नाही, करंट चढलेलाच राहतो आणि कॉइल जळते. लिव्हर व्हॉल्व्हमध्ये तोच कण हाताच्या जोराने निघून जातो, आणि नाही निघाला तर हाताला लगेच जाणवतं. वसईच्या दादांचं दोन्ही हातांचं म्हणणं मात्र अगदी बरोबर आहे. ते मला सोडायचं नाही.

वसई पॉवरपॅक | सोमवार, दुपारी ३.०५

एसी कॉइलचं मान्य. २४ व्होल्ट डीसी लावली तर जळणार नाही, पण मग पॅनेल, ट्रान्सफॉर्मर, आणि भांडुपच्या पावसात उघड्या शेडमध्ये ते सांभाळायचं. ताई म्हणतात ते पटलं. लिव्हरच घ्या.

सरपण | सोमवार, संध्याकाळी ६.३०

विषयाला थोडं सोडून विचारतो. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर जायला सांगितलं. बेकऱ्यांचं गिऱ्हाईक गेलं असेल. अशा वेळी मशीनवर खर्च करावा का?

भांडुपची वखार | सोमवार, रात्री ८.१०

बेकऱ्यांचं गेलंच, आणि शहराच्या हवेसाठी तो निर्णय योग्य वाटतो. आमचं बहुतेक लाकूड आधीपासून स्मशानभूमीच्या ठेकेदाराला जातं. तिथे तर फोडलेलंच लागतं, जाड बुंधा नीट पेटत नाही. आणि पडलेली झाडं थांबत नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा वखारीत पाय ठेवायला जागा नव्हती, मामा अंधार पडेपर्यंत फोडत होते. खांद्याचं दुखणं तेव्हापासूनचं असावं असं मला आता वाटतं. मी तेव्हाच हे करायला हवं होतं.

ताई, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. जोर किती मिळेल ते सांगाल का?

मेंटेनन्सवाली | सोमवार, रात्री ९.००

मोटर ठरवेल. किलोवॅट म्हणजे लिटर गुणिले बार भागिले ६००, आणि पंपाची कार्यक्षमता ८५ टक्के धरा. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, त्यात १५.८ लिटरला सुमारे १२० बार सतत मिळतो. तेवढ्यावर साडेनऊ टन. फोडताना दाब दोन-चार सेकंदच चढतो, तेवढा जादा भार इंडक्शन मोटर सहन करते, म्हणून रिलीफ १५० ला ठेवता येईल. मग १२ टन. ओव्हरलोड रिले मात्र हवाच, आणि जॅक अडलेल्या ओंडक्यावर दाबून धरायचा नाही हे मामांना सांगा.

वेळ: पूर्ण स्ट्रोक पुढे १८ सेकंद, मागे ९. ७ सीसीचा पंप लावलात तर १७५ बार बिनधास्त मिळतील पण पुढे जायलाच २८ सेकंद लागतील. मी ११ च ठेवीन.

दारूखाना | मंगळवार, सकाळी ११.३०

जॅक आमच्याच बाजूचा दिसतोय. रॉडवर क्रोमला टोचे पडलेत का बघा. नखाने ओढून बघायचं, नख अडकलं तर ती जागा दर फेरीला सील खाणार.

फिटिंगबद्दल. बाजारातला इंडियन मोनोब्लॉक बहुधा बीएसपी (ब्रिटिश पद्धतीच्या) आट्यांचा असतो. परदेशी मशीनवरून निघालेला व्हॉल्व्ह एनपीटीचा (अमेरिकन पद्धतीचा) असू शकतो. अर्ध्या इंचाला दोन्हीकडे इंचाला १४ आटे, त्यामुळे निप्पल दोन-तीन फेरे आरामात जातो आणि जुळला असं वाटतं. पण आट्याचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. कितीही आवळा, झिरपत राहणार, आणि जोर लावून आवळलात तर व्हॉल्व्हच्या बीडाच्या बॉडीला तडा जाईल. डावटी वॉशर (रबर चिकटवलेला धातूचा) बसणारी सपाट कड असलेला पोर्ट घ्या. टेफ्लॉन टेप अजिबात नको. तिचा तुकडा सुटून स्पूलमध्ये गेलेला मी कितीदा तरी काढलाय.

होज दोन जाळीची घ्या, आर टू. अर्धा इंच आर वनला १६० बार चालतात, तुमच्या १५० ला फारच काठावर. आर टूला २७५.

नागदेवीचा नेहमीचा | मंगळवार, दुपारी २.४५

दुकानात गेल्यावर स्पष्ट मागा: मोनोब्लॉक, एक स्पूल, ४० लिटर, टँडम सेंटर, आत रिलीफ, बीएसपी पोर्ट. डिटेंट (लिव्हर टाकलेल्या जागी धरून ठेवणारा खटका) कसला हवा तेही तिथेच सांगा. नाही सांगितलंत तर दोन्हीकडे लॉक होणारा देतील, तोच जास्त पडून असतो. फोडायच्या मशीनला मी तर दोन्हीकडे लॉकवालाच लावून बघितलाय, हात मोकळा राहतो, पुढचा ओंडका आणायला वेळ मिळतो.

निवृत्त फिटर | मंगळवार, रात्री ८.२०

वरच्या शेवटच्या दोन ओळींसाठी लिहायला बसलो. एरवी मी फक्त वाचतो.

नेहमीचे साहेब, कृपा करून पुढे जाण्याच्या दिशेला लॉक कुणाला सुचवू नका. मी ज्या कारखान्यात होतो तिथे पॅकिंगच्या लाकडांसाठी असंच एक मशीन आम्हीच बनवलं होतं. दोन्हीकडे लॉक. लिव्हर पुढे टाकला की जॅक आपला आपण जायचा. हेल्परने लिव्हर टाकला, ओंडका किंचित वाकडा झाला, तो सरळ करायला त्याने हात घातला. लिव्हर त्याच्यापासून दीड हातावर होता. दोन बोटं गेली. मी शेजारच्या लेथवर होतो आणि मला लिव्हरपर्यंत पोहोचायला चार पावलं लागली. जॅक सेकंदाला तीन सेंटिमीटर जातो, हळू वाटतो. पण माणूस आधी ओरडतो, मग आपण बघतो, मग धावतो. तोवर व्हायचं ते होऊन जातं.

म्हणून माझं म्हणणं असं. पुढे जाताना स्प्रिंग रिटर्न: हात सोडला की लिव्हर मध्ये आणि जॅक जागच्या जागी. मागे येताना लॉक चालेल, आणि तो दाबावर सुटणारा हवा. जॅक पूर्ण मागे आला की दाब चढतो आणि लिव्हर आपोआप मध्ये येतो. तेवढ्या वेळात माणूस फाळ्या बाजूला काढू शकतो. पाचर गर्डरवर स्थिर आणि जॅक ओंडका ढकलत असेल तर मागे येताना तिथे चिमटायला काही नसतं. पाचर जॅकच्या टोकाला असेल तर मात्र मागे येतानाही ओंडका तिला चिकटून ओढला जातो, तिथे काढून टाकणारे कान लावावे लागतात.

पुष्कळ मोनोब्लॉकमध्ये मागची टोपी चार बोल्ट काढून बदलता येते, तिच्यातच स्प्रिंग किंवा डिटेंटचा संच असतो. दुकानात आधी विचारा.

वसईवाल्यांनी दोन्ही हातांचं लिहिलं ते युरोपात लाकूड फोडायच्या मशीनच्या मानकातच आहे, ईएन ६०९-१. त्यासाठी वीज लागत नाही. दोन लिव्हर, मध्ये एक आडवी पट्टी, पट्टीच्या मध्यावरून स्पूलला दांडी. एकच लिव्हर दाबला तर पट्टी नुसती तिरकी होते, स्पूल हलत नाही. दोन्ही दाबले तरच जॅक पुढे. दोन्ही लिव्हर कमरेच्या उंचीवर ठेवा, कोपर अंगाला लागून राहील असे. खांदा दुखणाऱ्या माणसाला तेच जमेल.

नागदेवीचा नेहमीचा | मंगळवार, रात्री ९.१०

काका, माझं वाक्य मागे घेतो. माझ्या मशीनची मागची टोपी या आठवड्यातच बदलतो.

मेंटेनन्सवाली | मंगळवार, रात्री १०.००

काकांना पूर्ण अनुमोदन.

जाड रॉडचा अजून एक धोका लिहायचा राहिला होता. जॅक पुढे जाताना रॉडच्या बाजूचं तेल बाहेर पडायची वाट बंद झाली तर तिथला दाब वाढून १५० चा २९४ बार होतो. तोच १.९६ चा गुणाकार. रिलीफला हे कळतच नाही, कारण तो पंपाच्या बाजूला आहे. वाट बंद कशी होते? क्विक कपलर (झटकन जोडता-काढता येणारा सांधा) अर्धवट बसला तर. म्हणून जॅकच्या होजला क्विक कपलर लावू नका, सरळ फिटिंग आवळा.

कुठे धुरासारखं तेल उडताना दिसलं तर हाताने चाचपू नका. बारीक भोकातून आलेलं तेल कातडीखाली शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात कापायची वेळ येऊ शकते. पुठ्ठा धरून बघायचं.

भांडुपची वखार | पुढचा शनिवार, रात्री ९.३०

व्हॉल्व्ह आणला. ४० लिटर, टँडम सेंटर, पुढे स्प्रिंग, मागे दाबावर सुटणारा डिटेंट. नागदेवीत चौथ्या दुकानात मिळाला. पहिल्या तिघांनी दोन्हीकडे लॉकच दाखवला. काकांनी सांगितलेली दोन लिव्हरची पट्टी आमच्या वेल्डरने एका दुपारी बनवली. तेल ६८ नंबर भरलं.

आज पहिल्यांदा चालू केलं. पुढे मस्त जातो. सुबाभळीचा फूटभर जाडीचा ओंडका आवाज न करता उघडला. मामा बराच वेळ त्या दोन फाळ्यांकडे बघत उभे होते.

अडचण मागे येताना. डिटेंट लावला की जॅक वीतभर येतो आणि लिव्हर टपकन मध्ये पडतो. पुन्हा लावा, पुन्हा वीतभर. व्हॉल्व्ह खराब निघाला का?

दारूखाना | शनिवार, रात्री १०.०५

डिटेंटचा स्क्रू थोडा आवळून बघा.

मेंटेनन्सवाली | शनिवार, रात्री १०.३०

स्क्रूला अजून हात लावू नका. पी लाईनवर गेज आहे ना? रिकामा जॅक मागे येताना किती दाखवतो, आणि रिटर्न होज किती इंची आहे?

भांडुपची वखार | रविवार, सकाळी ८.१५

गेज ६५ दाखवतो, रिकामा येत असताना! रिटर्न होज अर्धा इंच. फिल्टर जुन्या पॉवर पॅकचाच लावलाय, लहान आहे.

मेंटेनन्सवाली | रविवार, सकाळी ९.००

सापडलं. व्हॉल्व्ह चांगला आहे.

मागे येताना ३१ लिटर तेल त्या अर्ध्या इंचातून जातंय, सेकंदाला चार मीटर वेगाने. रिटर्नला दोन-तीनच्या वर जाऊ देऊ नये. त्यात लहान फिल्टर. समजा तिथे ३० बार अडले, तर पिस्टनच्या मोठ्या बाजूवरचा तो दाब रॉडच्या बाजूला दुप्पट होऊन लागतो, जवळजवळ ६०. डिटेंटला वाटतं जॅक शेवटाला पोहोचला, म्हणून तो सुटतो. त्याचं काम तो बरोबर करतोय.

रिटर्न पाऊण इंची करा, वेग १.८ वर येईल. फिल्टर ३१ लिटरला नव्हे, ६० लिटरचा घ्या, २५ मायक्रॉन, बायपासवाला. रिटर्नचं टोक टाकीत तेलाच्या पातळीखाली सोडा, नाहीतर फेस होईल.

स्क्रू आवळला असता तर आज चाललं असतं. पण फिल्टर भरत गेला की दाब अजून चढणार, तुम्ही अजून आवळणार, आणि एक दिवस जॅक शेवटाला जाऊनही लिव्हर सुटणार नाही.

दारूखाना | रविवार, सकाळी ९.२०

ताई, बरोबर. स्क्रूचं मी घाईत लिहिलं.

भांडुपची वखार | बुधवार, रात्री ८.४५

पाऊण इंची होज आणि मोठा फिल्टर लावला. मागे येताना गेज १८ ते २०. डिटेंट शेवटापर्यंत धरतो आणि पोहोचल्यावरच सुटतो. स्क्रूला हात लावलेला नाही.

रिलीफ असा लावला: स्क्रू पूर्ण सैल, मोटर चालू, जॅक शेवटाला टेकवून लिव्हर धरला आणि गेज बघत पाव-पाव फेरा आवळत १५० ला चेकनट लावला. क्लॅम्प मीटरवर साडेनऊ अँपिअर, मोटरच्या पाटीवर साडेसात. दर वेळी दोन-तीन सेकंदच धरलं. दिवसभर काम करून संध्याकाळी टाकीला हात लावला, कोमट होती.

एक बदल मामांनी सुचवला. आमचे ओंडके दीड फुटाच्या आतले, जॅक दर वेळी पूर्ण मागे यायची गरजच नाही. म्हणून मागे येताना जॅकच्या डोक्याला लावलेली सळई लिव्हरला ढकलून मध्ये आणते, सळईवरची कॉलर सरकवली की जागा बदलते. एका फेरीतले पाच-सहा सेकंद वाचले.

आणि पर्जन्यवृक्षाचं सांगायचंच राहिलं. त्याचे तंतू आडवेतिडवे असतात, पहिल्या दिवशी मी तीन ओंडके मध्यावर लावले, तिन्ही वेळा गेज १५० ला जाऊन अडला. मामांनी तेच ओंडके फिरवले, गाठ पाचरीपासून लांब ठेवून कडेने सालीजवळचा फाळ आधी काढला, मग पुढचा. ११० च्या वर काटा गेला नाही. जॅक १२ टनांचा असला तरी ओंडका कुठून उघडतो ते त्यांनाच दिसतं. परवापासून ते वखारीतल्या नव्या मुलाला शिकवतायत. मुलगा उचलून ठेवतो, मामा लिव्हरवर.

आता जड बुंधे उचलून गर्डरवर ठेवायला एक छोटा जॅक लावायचा विचार आहे. त्याचा लिव्हर व्हॉल्व्ह याच व्हॉल्व्हच्या टी पोर्टला पुढे जोडला तर चालेल ना?

मेंटेनन्सवाली | बुधवार, रात्री ९.३०

टीला नाही, दादा. दुसऱ्या व्हॉल्व्हवर भार आला की पहिल्याच्या टी पोर्टमध्ये पूर्ण दाब उलटा येतो, आणि ती बाजू बहुतेक मोनोब्लॉकमध्ये त्या दाबासाठी बनवलेली नसते. स्पूलच्या टोकाचे सील फुटतील. तुमच्या व्हॉल्व्हला पॉवर बियाँडची सोय आहे का बघा, टीच्या जवळ मोठा षटकोनी प्लग असतो. त्यात कॅरी ओव्हरची स्लीव्ह बसते, मग पुढच्या व्हॉल्व्हला तेल तिथून न्यायचं आणि टी स्वतंत्र टाकीत सोडायचा. व्हॉल्व्हवरची पाटी आणि त्या प्लगचा फोटो टाका, स्लीव्ह कोणती लागेल ते सांगते.

निवृत्त फिटर | बुधवार, रात्री ९.५५

आणि उचलायच्या जॅकला लॉक व्हॉल्व्ह लावा, पायलट चेकवाला (लिव्हर टाकल्याशिवाय तेल परत न सोडणारा), थेट जॅकच्या पोर्टवर. वर धरलेला बुंधा होज फुटली तरी जागेवर राहिला पाहिजे. मुलगा खालीच उभा असतो.

भांडुपची वखार | बुधवार, रात्री १०.१०

उद्या सकाळी उजेडात फोटो टाकतो.